निरोप जसाच्या तसा

१

सातला पाच मिनिटं उरली की ताईंच्या घरात भांडं वाजवायचं नाही आणि नळ सोडायचा नाही, हे सुनेला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. शिलाईच्या मशीनवर जुनी चादर टाकायची, तिच्यावर वही उघडायची, डाव्या हाताला घड्याळ, उजव्या हाताला माईक. मग ताई सेटचं बटण फिरवायच्या, आणि आतून ती खरखर यायची जिला सून तव्यावरचं पाणी म्हणायची.

पंधरा वर्षं ही सकाळची हजेरी ताई घेत होत्या. हौशी रेडिओवाल्यांची हजेरी, सात-आठ माणसांची, सात-आठ गावांतली. पोटापाण्यासाठी ताईंनी कपडे शिवले आणि रेडिओ शिकल्या त्या भंगारातले सेट उघडून, चटके खाऊन, परवान्याच्या परीक्षेला तीनदा बसून. ज्याने स्वतःच्या हिमतीवर काही मिळवलं त्याला त्याचे नियम फार प्यारे असतात. आधी ऐका, मग बोला. बटण दाबण्याआधी मनात तीन मोजा, एखाद्याला अडीनडीचं बोलायचं असेल. आपली कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली अक्षरांची खूण, सांगितल्याशिवाय हवेवर तोंड उघडायचं नाही. आणि दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं.

"ताई, आज पहिली भट्टी करपली हो. ओव्हर."

हे बेकरीवाले काका. त्यांच्यामागे भट्टीचा पंखा घुमायचा.

"काका, सिग्नल कसा येतोय ते विचारलंय. पावाचं नाही. ओव्हर."

"सिग्नल झकास. पाव कोळसा. ओव्हर."

मग घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांनी बटण दाबलं की त्यांच्या आधी त्यांच्या भिंतीवरची दहाबारा घड्याळंच बोलायची. ताईंना माणूस ओळखायला आवाज लागायचाच नाही. बटण दाबलं की आधी खोली यायची आणि मग माणूस.

शेवटी धाकटा. ताईंचा सख्खा भाऊ, त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणजे तोही साठी ओलांडलेला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, लग्न केलं नाही, आणि तीन वर्षांपूर्वी डोळे गेले. चार तासांच्या वाटेवर एकटा राहायचा. ताई म्हणायच्या, माझ्याकडे ये. तो म्हणायचा, इथे मला भिंती पाठ आहेत. त्याच्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं जाळीला घासायचं. टक्, टक्, आणि मग एक घास गिळावा तेवढी शांतता. ते टक् टक् आलं की ताईंचा जीव भांड्यात पडायचा. आजचा दिवस धाकट्याचा नीट उजाडला.

बोलायचं ते हवेवरच, असा भावंडांचा बाणा होता. फोन हा परीक्षा नापास झालेल्यांसाठी, असं दोघंही म्हणायचे आणि दोघंही हसायचे.

२

सोमवारी धाकटा आला नाही.

ताईंनी त्याला हाक दिली, तीन मोजले, पुन्हा हाक दिली. नुसती खरखर.

"हवा खराब असेल," घड्याळजी म्हणाले. "दूरची केंद्रं चार दिवस बुडतात अशी. ओव्हर."

ताई तिसरी हाक देणार, तेवढ्यात त्या तीन अंकांच्या मोकळ्या जागेत एक आवाज आला.

"नमस्कार ताई. अडथळ्याबद्दल माफी असावी. आपले बंधू मला ऐकू येत आहेत. परवानगी असेल तर निरोप पोचवतो."

आवाज पुरुषाचा. वय सांगता येऊ नये असा. कॉल साइन त्याने नियमाप्रमाणे आधी सांगितली, नंतर सांगितली, प्रत्येक अक्षर सुटं करून. नव्या माणसाला इतकी शिस्त? ताई खूश झाल्या.

निरोप पोचवायची चाल सगळीकडची आहे. एक केंद्र दुसऱ्याला ऐकू येत नसेल तर मधल्याने दोघांचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं. त्याला ताईंचा एकच दंडक होता. निरोप जसाच्या तसा. पदरचा शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही.

"परवानगी आहे," ताई म्हणाल्या. "विचारा, कसा आहेस."

थोडी शांतता गेली. मग तोच आवाज, कागदावरचं वाचावं तसा: "निरोप. 'मी बरा आहे ताई. गुडघा कसा आहे? त्या तेलाचा वास घरभर सोडू नकोस.' निरोप संपला."

सून स्वयंपाकघरात फिस्सकन हसली. तेलाचं धाकटाच बोलू जाणे. ताईंनी वहीत धाकट्यापुढे हजर अशी खूण केली.

एकच गोष्ट त्यांना जरा बोचली, एखादी टाचणी शिवणीत राहून जावी तशी. त्या माणसाने बटण दाबलं तेव्हा त्याच्यामागे खोली आली नव्हती. पंखा नाही, रस्ता नाही, श्वाससुद्धा नाही. असतात बुवा एकेकाच्या खोल्या शांत, ताई स्वतःशी म्हणाल्या.

३

मंगळवार, बुधवार, गुरुवार. धाकटा ऐकू येईना आणि तो माणूस चुकेना. धाकट्याचं नाव पुकारलं की तीन अंकांनंतर हजर. इतका अदबशीर की बेकरीवाले काका म्हणाले, "ताई, या गृहस्थांकडून माझ्या जावयाला शिकवणी लावा." सगळे हसले. तो हसला नाही. त्याची पाळी नव्हती.

गुरुवारी वही भरताना ताईंनी मागचं पान उलटलं. प्रत्येक केंद्राची कॉल साइन एका रकान्यात लिहायची पद्धत. त्या माणसाच्या नोंदीपुढचा रकाना कोरा. सोमवारचा कोरा, मंगळवारचा कोरा, चारही दिवसांचे कोरे. वेळ लिहिली होती, सिग्नल लिहिला होता, अक्षर ताईंचंच होतं.

त्यांना स्वतःचाच राग आला. वय झालं की काय आपलं? दुसऱ्या कुणाच्या वहीत असं दिसलं असतं तर त्यांनी हवेवर पाणउतारा केला असता.

शुक्रवारी हजेरीआधी त्यांनी घड्याळजींना एकट्याला गाठलं. "त्या नव्या माणसाची कॉल साइन सांगा हो तुमच्या वहीतून. ओव्हर."

घड्याळं टिकटिकत राहिली. मग घड्याळजी ओशाळून म्हणाले, "ताई, रागावू नका. लिहायची राहून गेली. पण सांगितली होती त्यांनी, दोनदा सांगितली. मी म्हटलं, वा! ओव्हर."

"काय होती?"

"आत्ता... जिभेवर आहे बघा."

ताईंच्याही जिभेवर होती. तिथून ती पुढे येत नव्हती एवढंच.

४

त्या शुक्रवारच्या हजेरीत माणूस बोलला, आणि त्याच्यामागे पहिल्यांदा खोली आली.

टक्, टक्. आणि मग एक घास गिळावा तेवढी शांतता.

ताईंचा पेन्सिल धरलेला हात तिथेच राहिला. माणूस निरोप वाचत होता, "'मी बरा आहे ताई, हवा छान आहे,'" आणि त्याच्यामागे तो पंखा फिरत होता. टक्, टक्.

पंखे काय, हजारो असतात. प्रत्येक पंख्याचं पातं म्हातारपणी घासतंच. एवढ्या तेवढ्याने घाबरायला ताई काही काल जन्मल्या नव्हत्या. त्यांनी तीन मोजले. पाच मोजले. मग बटण दाबलं.

"आपण कुठून बोलताय? ओव्हर."

"मी निरोप पोचवतो आहे, ताई."

"ते समजलं. कुठल्या गावातून?"

"निरोप देणाऱ्याने स्वतःचं बोलू नये. आपलाच दंडक आहे."

ताईंना कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं. दंडक त्यांचाच होता, पण या माणसापुढे तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता.

"आपले काही शब्द असतील तर नेतो," तो म्हणाला. "एरवी नेतोच."

एरवी म्हणजे? हे विचारायला ताईंनी बटण दाबलं, पण तो गेला होता. जाताना बटण सुटल्याचा खट् असा आवाज प्रत्येकाचा येतो. त्याचा आला नाही. पंखा मात्र मागे आणखी दोनदा वाजला आणि मग खरखर आली.

"सूनबाई," ताईंनी हाक मारली, "फोन आण."

सून हातातली वाटी घेऊनच दारात आली. सासूने फोन मागितला, हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

५

धाकट्याने फोन चौदाव्या घंटीला उचलला.

"ताई? फोनवर? बरी आहेस ना?"

"तू बरा आहेस ना? पाच दिवस ऐकू येत नाहीस."

"येणार कसा? तार उतरवली ना."

ताई खुर्चीवर बसल्या. "कुठली तार?"

"गच्चीवरची. एरियल. तूच सांगितलंस की. वारा सुटलाय, तुटून कुणाच्या अंगावर पडेल, उतरव म्हणालीस. शेजारच्याला चढवलं, त्याने गुंडाळून दिली."

"मी कधी सांगितलं?"

"गेल्या रविवारी. निरोप आला तुझा." धाकटा हसला. "तुझा माणूस भला आहे हं. तार नाही तरी त्याचा आवाज असा येतो की खोलीत बसलाय. जवळच कुठे राहत असेल. दुपारीही बोलतो. तुझे निरोप काय, संपता संपत नाहीत हल्ली."

"आणखी काय सांगितलं मी?"

"आता परीक्षा घेतेस का? मागचं दार उघडं ठेव म्हणालीस, हवा खेळू दे. ठेवलं. दुसरी खुर्ची सेटजवळ आण. आणली. आणि हल्ली आवाज काढून फसवतात म्हणे, तेव्हा माझ्या नावाने फोन आला तर जपून." तो पुन्हा हसला. "पण मी ओळखला तुझा आवाज. एक्स्चेंजमध्ये केस पांढरे केलेत मी."

ताईंनी आवाज चढू दिला नाही. आंधळ्या माणसाला एकट्या घरात घाबरवून काय साधणार?

"धाकट्या, नीट ऐक. ते दार लाव. सेट बंद कर. मी निघाले."

"अगं, पण तो बोलतोय आत्ता. बोलणाऱ्याला तोडून सेट कसा बंद करू? त्याचं होऊ दे, मग करतो."

फोनमधून, भावाच्या आवाजामागून, तो पंखा येत होता. आणि पंख्यामागून कुणीतरी हळू, सुटं सुटं, वाचल्यासारखं बोलत होतं.

६

गाडी सुटायच्या आधी ताईंनी घड्याळजींना फोन केला. उद्याची हजेरी तुम्ही घ्या. आणि त्या माणसाचा निरोप घेऊ नका, देऊ नका, त्याला ओ देऊ नका.

"पण ताई, नियम..."

"नियम गेला खड्ड्यात."

पलीकडे नुसती घड्याळं ऐकू आली. माणूस बेशुद्ध पडला असावा असं वाटण्याइतका वेळ.

भावाचा शेजारी फोन उचलेना. चार तास गाडीत ताई खिडकीच्या गजाला धरून बसल्या. शंभर कारणं त्यांनी शोधली. कुणी चोर असेल, आंधळ्या म्हाताऱ्याचं घर हेरलं असेल. चोर परवडला. चोराला काठी दाखवता येते. धाकटा तेवढा हाती लागू दे, मग त्याच्या भिंती आणि त्याचा हट्ट सगळं गुंडाळून त्याला घरी आणते, असं त्या मनाशी घोकत राहिल्या. तेलाचं बोलणं चोराला कुठून ठाऊक, हा प्रश्न आला की त्या बाहेरच्या टपऱ्या मोजायच्या.

एक वाजता त्या भावाच्या घरामागच्या बोळात शिरल्या. लख्ख ऊन. कुणाचे तरी कपडे वाळत होते. मागचं दार सताड उघडं, कुणीतरी आत यावं म्हणून उघडं ठेवतात तसं, पायपुसणं झटकून सरळ केलेलं. आतल्या खिळ्यावर एरियलची तार गुंडाळून टांगली होती. तिच्या एका टोकाला शेजाऱ्याच्या चपलेची माती वाळून अजून चिकटलेली होती.

आतून धाकट्याचा आवाज आला. "कळलं. ताईला सांगा, आता विश्रांती घे. ओव्हर."

७

खोली होती तशीच होती. खाट, कपाट, सेट, सेटचा पिवळा दिवा. छताला तो पंखा. धाकटा सेटसमोर बसला होता, अंगावर धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. त्याच्या उजव्या हाताला दुसरी खुर्ची, गादी घातलेली. तिच्यासमोर टेबलावर चहाचा कप, भरलेला, वर जाड साय धरलेली.

"धाकट्या."

त्याने मान वळवली आणि चेहरा उजळला. "अरे वा! गळा सुटला वाटतं! आणि उठलीस कधी?"

"मी आत्ता येतेय."

"आत्ता काय? नऊपासून बसली आहेस इथे. उडून आलीस की काय, म्हटलं नाही का मी?" त्याचा हात सवयीने उजवीकडे गेला आणि खुर्चीच्या अलीकडे थांबला. "गळा बसलाय म्हणून तू निरोपातून बोलत होतीस..."

ताईंनी पुढे होऊन त्याचा डावा हात धरला. रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "ऊठ. कपडे घे नाहीतर राहू देत. माझ्याकडे चल."

"आत्ता?"

"आत्ता. मोठी बहीण सांगतेय."

आणि तो उठला. खरोखर उठला. पायाने चपला चाचपायला लागला, पुटपुटला, "तुझ्यापुढे कुणाचं चाललंय." एक चप्पल सापडली.

"निरोप आहे," सेट म्हणाला.

धाकटा थांबला. निरोप आला की थांबायचं. चाळीस वर्षं त्याने तेच केलं होतं.

"निरोप. 'धाकट्या, मी इथेच बसले आहे. ती दुसरी कोण आली?' निरोप संपला."

टक्, टक्.

"अरे, मी!" ताईंनी त्याची बोटं स्वतःच्या बोटावर दाबली, जिथे सुईने चाळणी केली होती. "हे बोट बघ. हे कुणाचं आहे?"

त्याने चाचपलं. ओठ जरा सैल झाले. "तुझंच गं."

"निरोप. 'बोटाला हात लाव म्हणेल. मशीनवर बसणाऱ्या सगळ्या बायकांची बोटं अशीच असतात.' निरोप संपला."

भावाचा अंगठा त्यांच्या बोटावर फिरायचा थांबला. ताईंना वाटलं, आता बोलायला हवं, लहानपणीचं काहीतरी, जे फक्त दोघांनाच माहीत आहे. पण जे मनात येईल ते त्या आवाजालाही येत असेल या विचाराने त्यांनी ते ओठांवर येऊ दिलं नाही.

"निरोप," सेट पुन्हा म्हणाला. "'तिला विचार...'"

"बंद करा!" ताईंनी माईक हिसकला. "तोंड बंद करा तुमचं! कोण आहात तुम्ही? माझ्या भावाच्या घरातून चालते व्हा!"

 सेट गप्प झाला. खरखरसुद्धा नाही. उन्हात धूळ तरंगत होती आणि पंखा आपलं मोजत होता. सुटलं, असं ताईंच्या मनात आलं. हाकललं मी त्याला.

मग त्यांनी भावाकडे पाहिलं.

त्याच्या चेहऱ्यावरची ओळख पाण्यासारखी उतरत होती. तो कान देऊन उभा होता, आताच ऐकलेलं पुन्हा ऐकत असल्यासारखा. माणूस बोलत असताना मधेच तोडलं. कॉल साइन नाही, ओव्हर नाही. त्याने आपला डावा हात ताईंच्या हातातून सोडवून घेतला. झिडकारून नाही. गर्दीत चुकून परक्याचा हात धरला गेला तर सोडवतात तसा, संकोचून.

"धाकट्या... अरे, राग आला म्हणून..."

तो खुर्चीत बसला. चप्पल काढली. उजवा हात उचलून त्याने दुसऱ्या खुर्चीकडे नेला, गादीच्या वर, हवेत. आणि बोटं मिटली.

पुरी मिटली नाहीत. मध्ये मनगटाएवढी जागा राहिली आणि राहिलीच. त्याच्या पंजाला वजन आल्यासारखा तो थोडा खाली झुकला. चेहरा सैलावला, लहानपणी ताई शाळेतून घरी नेताना सैलावायचा तसा.

"बाई," तो ताईंच्या दिशेने म्हणाला, फार अदबीने, "तुम्ही कोण ते मला माहीत नाही. दार उघडं पाहून आला असाल. पण आता कृपा करून निघा. माझी बहीण आली आहे."